पौंडामागे तीन पेन्स

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिण वेल्समधल्या ट्रेडीगर गावात खाणकामगाराच्या हातात पगार पडायचा तो काटछाट होऊनच. दर पौंडामागे तीन पेन्स आधीच कापले जात. तेव्हा एका पौंडाचे २४० पेन्स होत, म्हणजे ही कपात मजुरीच्या ऐंशीव्या हिश्शाएवढी. पण या कपातीबद्दल कुणी कुरकुर करत नसे, कारण हे पैसे कंपनीच्या तिजोरीत जात नसत. ते जात कामगारांच्याच ‘मेडिकल एड सोसायटी’कडे. १८९०मध्ये सुरू झालेल्या या संस्थेने त्या पैशांवर पगारी डॉक्टर ठेवले, दवाखाना चालवला, औषधं दिली. पुढे दातांची कवळी, चष्मा, अपघातात पाय गमावलेल्याला लाकडी पाय इथपर्यंत सोय झाली. कामगार आजारी पडला तर डॉक्टर घरी येई आणि जाताना बिल ठेवून जात नसे.

संस्थेचा कारभार कामगारांनी निवडून दिलेली समिती पाहायची. डॉक्टर कोण नेमायचा, त्याला पगार किती द्यायचा, इस्पितळात खाटा किती हव्यात, हे सगळं कोळसा फोडणारी माणसं पाळी संपवून, आंघोळ करून, संध्याकाळी बसून ठरवत. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात गावातली बहुतेक माणसं या योजनेत होती. १९२१मध्ये ए. जे. क्रोनिन नावाचा एक तरुण स्कॉटिश डॉक्टर तिथे नोकरीला आला. पुढे डॉक्टरकी सोडून तो कादंबरीकार झाला आणि १९३७मध्ये त्याची ‘द सिटाडेल’ ही कादंबरी गाजली. तिच्यातलं खाणीचं गाव आणि कामगारांची समिती या अनुभवातून आली आहे. क्रोनिनला तो सगळाच कारभार पटला होता असं नाही. डॉक्टर माणसाला पेशंटांच्या हाताखाली काम करणं जडच जाणार. पण त्याच दशकात गावच्या इस्पितळाच्या समितीवर गावातलाच एक तरुण खाणकामगार बसू लागला. त्याचं नाव अनायरिन बेव्हन. गाव त्याला ‘नाय’ म्हणायचं. पुढे याच ‘नाय’ने ट्रेडीगरची ही व्यवस्था उचलून सगळ्या ब्रिटनला लागू केली.

बेव्हनचा जन्म १५ नोव्हेंबर १८९७चा, दहा भावंडांतला. वडील डेव्हिड खाणीत होते. वेल्श भाषा, चर्चमधलं समूहगान आणि पुस्तकं यांत रमणारे, मऊ स्वभावाचे गृहस्थ. घराचा कणा होती आई, फीबी. शिवणकाम करून, पै-पैचा हिशेब ठेवून तिने संसार रेटला. नाय शाळेत रमला नाही. तो डावखुरा होता आणि तोतरा. वर्गात तोंड उघडायची धास्ती असलेला हा मुलगा तेराव्या वर्षी शाळा सोडून टी-ट्रिस्टच्या खाणीत उतरला.

वर्ष होतं १९११. दक्षिण वेल्सचा कोळसा तेव्हा जगभरची जहाजं आणि आगगाड्या ओढत होता. १९१३मध्ये या एवढ्याशा मुलखातून जवळपास ५ कोटी ७० लाख टन कोळसा निघाला. तो विक्रम नंतर कधी मोडला नाही. पण खाली, कोळशाच्या थरासमोर गुडघ्यांवर बसलेल्या माणसाचं गणित वेगळं होतं. मजुरी मिळायची ती भरलेल्या कोळशाच्या वजनावर. थर पातळ लागला, छत ढासळू लागलं, पाणी भरलं किंवा मधेच दगड आला, तर दिवसभर घाम गाळूनही डबा भरत नसे. दगड उपसायचा, लाकडी खांब ठोकून छत सावरायचं, पाणी काढायचं, या कामांची मजुरी मुकादमाशी वाद घालून मिळवावी लागे. अशाच वादातून १९१०मध्ये शेजारच्या ऱ्होंडा खोऱ्यात संप पेटला, टोनीपँडीत दंगल झाली आणि गृहमंत्री विन्स्टन चर्चिलने खोऱ्यात सैन्य धाडलं. वेल्सचे खाणकामगार ते नाव विसरले नाहीत. १९१३च्या ऑक्टोबरात सेंघेनिडच्या खाणीत स्फोट होऊन ४३९ कामगार मेले. ब्रिटनमधली ती आजवरची सर्वांत मोठी खाण दुर्घटना. बेव्हन तेव्हा पंधरा वर्षांचा होता आणि तिथून दोन-तीन खोरी पलीकडे तसल्याच अंधारात काम करत होता.

तो अंधार त्याच्या डोळ्यांना बाधला. मिणमिणत्या दिव्यात वर्षानुवर्षं काम करून खाणकामगारांची बुबुळं थरथरू लागत. हा विकार त्यालाही जडला. पहिल्या महायुद्धात सक्तीच्या भरतीची नोटीस आली तेव्हा त्याने जायला नकार दिला. १९१८मध्ये अटकही झाली, पण डोळ्यांच्या दाखल्यावर तो सुटला. त्याआधीच, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तो युनियनच्या आपल्या शाखेचा अध्यक्ष झाला होता.

तोतरा मुलगा युनियनचा पुढारी कसा होतो? ट्रेडीगरमध्ये कामगारांनी वर्गणीतूनच उभारलेलं वाचनालय होतं. पाळी संपली की बेव्हन तिथे. जॅक लंडनपासून मार्क्सपर्यंत हाती लागेल ते वाचायचा. तोतरेपणावर त्याने शोधलेला उपायही तिथलाच. जो शब्द जिभेवर अडकतो त्याच्या ऐवजी चालेल असा दुसरा शब्द हाताशी हवा, म्हणून तो समानार्थी शब्दांचा कोश पालथा घालायचा. गावावरच्या डोंगरात एकटाच चालत मोठ्याने बोलायचा सराव करायचा. पुढे संसदेत त्याचं भाषण ऐकणाऱ्यांना त्याच्या शब्दभांडाराचं आणि मधेच येणाऱ्या अनपेक्षित शब्दाचं नवल वाटे. ती श्रीमंती अडचणीतून आलेली होती.

१९१९मध्ये दक्षिण वेल्सच्या खाणकामगार संघटनेने त्याला आपल्या खर्चाने लंडनच्या सेंट्रल लेबर कॉलेजात पाठवलं. दोन वर्षांनी तो परतला तेव्हा कोळशाचा बाजार कोसळला होता आणि ट्रेडीगर आयर्न अँड कोल कंपनीला हा भांडखोर माणूस पुन्हा कामावर नको होता. पुढची तीनएक वर्षं बहुतांशी बेकारीत गेली. घरात बहीण कमावते या कारणावरून त्याचा बेकारभत्ताही बंद झाला. धाकट्या बहिणीच्या पगारावर जगणारा धडधाकट तरुण ही काय चीज असते, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. कमावत्या पोराबाळांचा पगार मोजून बापाचा भत्ता कापणारी उत्पन्नाची तपासणी पुढे मंदीच्या काळात देशभर आली, तेव्हा संसदेत तिच्यावर सर्वांत जहरी टीका बेव्हनचीच होती.

या रिकामपणात त्याने मित्रांना जमवून एक मंडळ काढलं. त्याचं नाव ‘क्वेरी क्लब’ आणि बिल्ला प्रश्नचिन्हाचा. वाचायचं, वाद घालायचा आणि मग गावातल्या प्रत्येक संस्थेत आपली माणसं निवडून आणायची. १९२२मध्ये बेव्हन स्वतः नगरपरिषदेत निवडून आला. याबद्दल तो पुढे एक गोष्ट सांगायचा. लहानपणी वडिलांनी त्याला रस्त्यावरून जाणारा एक नगरसेवक दाखवला. फार मोठा माणूस, त्यांच्या हातात सत्ता असते, असं सांगितलं. म्हणून पोराने मोठेपणी नगरपरिषद गाठली. तिथे कळलं, सत्ता होती खरी, पण ती आता जिल्हा परिषदेत गेली. तिथे पोचला तर ती तिथूनही निघून गेलेली. पुढे संसदेतही तेच. दर वेळी सत्तेच्या कोटाचं टोक तेवढं कोपऱ्यावरून वळताना दिसायचं. लोक हसायचे, पण बेव्हनच्या राजकारणाचा सगळा मथितार्थ त्या गोष्टीत आहे. गरिबाच्या बाजूने बोलणारे पुष्कळ होते. निर्णय नेमका कोण घेतो आणि तो आपल्या हातात कसा आणायचा, याचा पिच्छा पुरवणारा हा होता.

१९२५च्या फेब्रुवारीत वडील गेले. फुप्फुसात कोळशाची धूळ साठून, धाप लागून, मुलाच्या मांडीवर. धुळीचा हा आजार तेव्हा भरपाईच्या यादीत नव्हता, त्यामुळे कंपनीने काही देणं लागण्याचा प्रश्नच नव्हता. पुढच्याच वर्षी खाणमालकांनी मजुरी कमी आणि कामाचे तास जास्त अशी मागणी पुढे केली. खाणकामगारांनी नकार दिला, टाळेबंदी झाली आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी ४ मे १९२६ रोजी देशव्यापी संप सुरू झाला. नऊ दिवसांत इतर संघटनांनी माघार घेतली. खाणकामगार मात्र हिवाळ्यापर्यंत एकटे लढत राहिले. ट्रेडीगरचा लढा बेव्हनने चालवला. संपकऱ्यांच्या घरी चूल पेटती ठेवणं, सूप शिजवणारी स्वयंपाकघरं चालवणं, मदतीचा निधी वाटणं, यातच त्याचे दिवस जात. शेवटी उपाशी माणसं कमी मजुरीवर आणि जास्त तासांवर कामाला परतली. संपाने सत्ता मिळत नाही, हा धडा बेव्हनने त्या हिवाळ्यात घेतला. १९२९च्या निवडणुकीत तो एब्बू व्हेल मतदारसंघातून मजूर पक्षाचा खासदार झाला आणि मरेपर्यंत ती जागा त्याच्याकडेच राहिली.

लंडनमध्ये त्याची जीभ सुटली ती सुटलीच. १९३४मध्ये स्कॉटलंडच्या खाणकामगाराची मुलगी आणि स्वतः खासदारकी केलेली जेनी ली हिच्याशी त्याने लग्न केलं. १९३७मध्ये सुरू झालेल्या ‘ट्रिब्यून’ या डाव्या साप्ताहिकाच्या संस्थापकांत तो होता आणि युद्धकाळात त्याचा संपादकही. फॅसिझमविरुद्ध सगळ्या पक्षांनी एकत्र यावं या आग्रहापायी १९३९मध्ये मजूर पक्षाने त्याला काढून टाकलं आणि वर्षाअखेर परत घेतलं. दुसऱ्या महायुद्धात चर्चिल देशाचं दैवत झाला होता. त्या दिवसांत त्याला भर सभागृहात जाब विचारणारे मोजकेच, आणि बेव्हन त्यांत अग्रभागी. चर्चिलने त्याला ‘गलिच्छ पीडा’ अशी पदवी दिली. मतदारसंघात ती बहुधा भूषणासारखीच वाटली असेल.

१९४५च्या जुलैत मजूर पक्ष प्रचंड बहुमताने सत्तेवर आला आणि पंतप्रधान क्लेमंट ॲटलीने सगळ्यांना चकित करत या बंडखोराला आरोग्यमंत्री केलं. वय ४७, मंत्रिमंडळात सर्वांत तरुण. घरबांधणीही त्याच खात्यात होती. याआधी त्याने कुठलंच सरकारी खातं सांभाळलं नव्हतं.

ब्रिटनमधली इस्पितळं तेव्हा दोन जातींची होती. काही धर्मादाय, देणग्यांवर आणि वर्गणीवर चालणारी, त्यातली बरीच कर्जात बुडालेली. बाकीची नगरपालिकांची, त्यांतली कित्येक एकेकाळची अनाथ-गरिबांची कोंडवाडेवजा आश्रयगृहं. कामगाराला विम्यातून डॉक्टर मिळे, पण त्याच्या बायकोला आणि मुलांना नाही. डॉक्टरची फी परवडत नाही म्हणून आईने दुखणं अंगावर काढायचं, ही बहुतेक घरांची रीतच होती. सुधारणा हवी यावर युद्धकाळातच एकमत झालं होतं. वाद होता तो कारभार कुणाच्या हातात राहणार याचा. बेव्हनने थेट उत्तर दिलं: धर्मादाय असोत की नगरपालिकेची, सगळी इस्पितळं सरकारच्या मालकीची. इंग्लंड आणि वेल्समधली अशी इस्पितळं अडीच हजारांहून अधिक होती. मंत्रिमंडळात हर्बर्ट मॉरिसन चिडला. लंडनच्या महापालिकेचा कारभार त्याने हयातभर घडवला होता आणि तिची इस्पितळं हातची जाणार होती. ॲटलीने बेव्हनची बाजू घेतली. हुजूर पक्षाने विधेयकाविरुद्ध मत दिलं, तरी १९४६च्या नोव्हेंबरात कायदा झाला.

खरी लढाई पुढे होती, आणि ती डॉक्टरांशी. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनला वाटत होतं की आपण सरकारचे पगारी नोकर होणार. १९४८च्या फेब्रुवारीत संघटनेने मतदान घेतलं. चाळीस हजारांवर डॉक्टर कायद्याविरुद्ध, पाच हजारांहून कमी बाजूने. योजना सुरू होणार होती ५ जुलैला. पाच महिन्यांवर आलेली योजना आणि डॉक्टरच नाहीत, असा पेच होता.

या टप्प्यावर बेव्हन हट्टाला पेटला असता तर योजना बुडाली असती. त्याने आधीच मोठ्या तज्ज्ञ डॉक्टरांना वेगळं काढलं होतं. त्यांना सरकारी इस्पितळात अर्धवेळ पगार मिळणार, शिवाय खासगी पेशंट पाहायची मुभा, त्याच इस्पितळात पैसे भरणाऱ्या पेशंटांसाठी राखीव खाटा आणि गुणवत्तेसाठी जादा मानधन. नामांकित शिक्षण-इस्पितळांना आपापली स्वतंत्र मंडळं. हे कसं जमवलं, असं कुणी विचारलं तेव्हा मी त्यांची तोंडं सोन्याने बंद केली, असं त्याने सांगितल्याची आख्यायिका आहे. मग १९४८च्या एप्रिलमध्ये त्याने गावोगावच्या साध्या डॉक्टरांनाही हमी दिली, की संसदेने नवा कायदा केल्याशिवाय त्यांना पूर्णवेळ पगारी नोकर करता येणार नाही. विरोधाची हवा गेली. जुलै उजाडेपर्यंत बहुतेक डॉक्टरांनी सही केली होती, आणि चार माणसांतल्या तिघांनी आपलं नाव कुठल्या ना कुठल्या डॉक्टरकडे नोंदवलं होतं.

५ जुलै १९४८ रोजी बेव्हन मँचेस्टरजवळच्या पार्क हॉस्पिटलमध्ये गेला आणि राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. आदल्याच दिवशी मँचेस्टरच्या सभेत हुजूर पक्षवाल्यांना किड्यामुंग्यांहून हीन म्हणून त्याने स्वतःच्याच समारंभावर पाणी ओतलं होतं. ॲटलीला ते निस्तरावं लागलं. पण दवाखान्यांपुढच्या रांगांना त्या भाषणाशी देणंघेणं नव्हतं. पहिल्या वर्षभरात पन्नास लाखांहून अधिक चष्मे दिले गेले. किती माणसं वर्षानुवर्षं दुसऱ्याचा किंवा बाजारातून अंदाजाने उचललेला चष्मा वापरत होती, ते त्या आकड्यातून कळलं. वर्षानुवर्षं दुखणारे दात काढून कवळी बसवायला रीघ लागली. खर्च अंदाजाच्या पुष्कळ पुढे गेला.

पेशंटच्या बाजूने पाहिलं तर हे ट्रेडीगरच होतं: डॉक्टर येतो आणि बिल ठेवत नाही. पण एक गोष्ट त्या गावाच्या रीतीत होती ती देशाच्या योजनेत आली नाही. ट्रेडीगरचा पेशंट संस्थेचा मालक होता, समिती निवडून द्यायचा, तिला जाब विचारायचा. नव्या सेवेतली विभागीय मंडळं मंत्र्याने नेमलेली. बेव्हनचं यावरचं समर्थन असं की सेवा करातून चालते, तर उत्तर द्यायची जबाबदारी संसदेची. ट्रेडीगरच्या इस्पितळात बेडपॅन खाली पडलं तरी त्याचा आवाज वेस्टमिन्स्टरपर्यंत घुमला पाहिजे, हे वाक्य त्याच्याच नावावर आहे. सत्तेचा माग काढत निघालेल्या माणसाने ती गावच्या समितीकडून काढून लंडनच्या मंत्रालयात नेली. सगळ्या देशाला सारखी सेवा द्यायची तर दुसरा मार्ग त्याला दिसला नाही.

आणि मग सत्ता तिथूनही निसटली, या वेळी अर्थखात्याकडे. कोरियाच्या युद्धापायी १९५१मध्ये शस्त्रांवर ४७० कोटी पौंडांचा तीन वर्षांचा कार्यक्रम आखला गेला. अर्थमंत्री ह्यू गेट्स्केलने पैसे जमवताना कवळ्या आणि चष्मे यांची अर्धी किंमत पेशंटांकडून घ्यायचं ठरवलं. रक्कम किरकोळ होती, अर्थसंकल्पाच्या मानाने चिल्लरच. बेव्हनकडे तेव्हा कामगार खातं आलं होतं, त्याचा या निर्णयाशी थेट संबंधही नव्हता. २२ एप्रिल १९५१ रोजी त्याने राजीनामा दिला. त्याच्यासोबत हॅरॉल्ड विल्सन हा पुढे पंतप्रधान झालेला मंत्रीही बाहेर पडला. सहकाऱ्यांना तो अहंकार वाटला, पक्षात वर्षानुवर्षं टिकलेली फूट पडली आणि त्याच वर्षी मजूर पक्षाची सत्ता गेली. विरोधकांनी दाखवून दिलं, आणि ते खरं होतं, की १९४९मध्ये औषधाच्या चिठ्ठीवर एक शिलिंग घेण्याची तरतूद कायद्यात येऊ देणारा मंत्री बेव्हनच होता. पण ती तरतूद त्याने कागदावरच ठेवली होती. डॉक्टरांना त्याने पगार, मुभा, मान, मागतील ते दिलं होतं. पेशंटने खिडकीशी पैसे मोजायचे, एवढी एकच गोष्ट त्याला सौद्यात नको होती.

उरलेली वर्षं त्याने विरोधी बाकांवर काढली. १९५५मध्ये पक्षनेतेपदाच्या निवडणुकीत गेट्स्केलने त्याला हरवलं. सुएझच्या युद्धाविरुद्ध १९५६मध्ये ट्रॅफल्गर चौकात त्याने केलेलं भाषण गाजलं. पुढच्याच वर्षी एकतर्फी अणुनिःशस्त्रीकरणाला विरोध करून त्याने आपल्याच डाव्या चाहत्यांना दुखावलं. १९५९मध्ये तो पक्षाचा उपनेता झाला आणि ६ जुलै १९६० रोजी, वयाच्या ६२व्या वर्षी, पोटाच्या कर्करोगाने गेला. त्याच्या माघारी वेल्सच्या खोऱ्यांमधल्या कित्येक दवाखान्यांचा भार भारतीय उपखंडातून आलेल्या डॉक्टरांनी उचलला.

औषधाच्या चिठ्ठीवरचा शिलिंग मात्र १९५२मध्ये हुजूर सरकारने लागू केलाच. १९६५मध्ये मजूर पक्षाने तो काढला आणि १९६८मध्ये स्वतःच परत आणला. ही आकारणी बंद झाली २००७च्या एप्रिलमध्ये, तेव्हा फक्त वेल्सपुरती, कार्डिफच्या विधानसभेच्या निर्णयाने. इंग्लंडमध्ये आकारणी चालूच राहिली. यात गंमत अशी की वेल्सने आपला वेगळा कारभार करावा ही कल्पना बेव्हनला कधीच पटली नाही. १९४४मध्ये संसदेत वेल्सवर खास चर्चा झाली तेव्हा त्याने विचारलं होतं, वेल्सची मेंढी वेस्टमोरलंडच्या मेंढीहून वेगळी असते काय? खोऱ्यातल्या गरिबाचे प्रश्न लंडनमध्येच सुटतील याची त्याला खात्री होती. ज्या तत्त्वासाठी त्याने मंत्रिपद सोडलं ते मात्र लंडनला पाळता आलं नाही. औषधांपुरतं तरी ते पाळलं त्याने ज्याची थट्टा केली होती त्या वेल्सच्या वेगळ्या कारभाराने.